दहा मीटरांची ऊब

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गाडी पुसता पुसता कमाल परकार खाली बसला आणि त्याला उठता येईना. त्याची बायको फखरुन्निसा तेव्हा स्वयंपाकघरात होती. खिडकीतून तिला गाडीच्या टपावरचं ओलं फडकं दिसलं, पण नवरा दिसला नाही, म्हणून ती हात पुसत बाहेर आली. कमाल चाकाला टेकून बसला होता. त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता.

दोघं कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात एका जुन्या दुमजली घरात कामाला होती. तो बावीस वर्षं ड्रायव्हर, ती चौदा वर्षं स्वयंपाकीण. घर उम्म फैसल नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाईंचं. घरातली नोकरमाणसं त्यांना ‘मामा’ म्हणत, कारण कुवेतात मालकिणीला तसंच म्हणतात, आणि मालकाला ‘बाबा’. पहिल्या वर्षी फखरुन्निसाला त्याचं हसू यायचं. दाभोळ खाडीकाठच्या तिच्या गावात मामा म्हणजे मिशाळ, लुंगी नेसलेला माणूस. आता तिला काही वाटत नसे.

तीन आठवड्यांनी कमाल हॉस्पिटलातून परत आला तो चाकाच्या खुर्चीवर. बोलणं बरंचसं सुधारलं होतं. डावा पाय मात्र जमिनीवरून फरफटत येई, आणि त्या पायाला गार-गरम काही कळत नसे.

व्यायाम शिकवायला समिधा नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. पुण्याची, तिशीतली, बोलायला चटपटीत. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती तासभर येई. पहिल्याच दिवशी तिने फखरुन्निसाला बाजूला घेतलं.

“ताई, पहिले तीन-चार महिने सोन्याचे. काकांना रोज दोन वेळा चालवायला हवं. सरळ, सपाट, किमान दहा मीटर. एका बाजूला धरायला दांडा हवा. आणि जागा उबदार हवी. थंडीत त्यांचा पाय लाकडासारखा ताठ होतो. तशा पायावर चालवलंत तर पडतील.”

“आणि नाय चालवला तर?”

“तर पाय आहे तसाच राहील.”

फखरुन्निसाला अधिक सांगावं लागलं नाही. तिच्या सासऱ्यांना असाच झटका आला होता. पहिल्या आठवड्यात अख्खा मोहल्ला भेटायला आला. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पाठीला मऊ उशी आणून दिली. मग खाट खिडकीजवळ सरकवली, म्हणजे त्यांना खाडी दिसेल. त्या खाटेवर ते नऊ वर्षं पडून होते. सगळ्यांनी मायेनेच केलं होतं, आणि फखरुन्निसाने नऊ वर्षं त्यांच्या चादरी धुतल्या होत्या.

तिने जागा शोधायला घेतली. त्यांची खोली गॅरेजला लागून होती, दोन खाटा आणि एक कपाट मावेल एवढी. अंगण मोठं होतं, पण संगमरवरी आणि उताराचं. उम्म फैसलनी आपणहून दिवाणखाना देऊ केला. तिथे गालिच्याच्या झुपक्यात कमालचा पाय दुसऱ्याच पावलाला अडकला आणि तो काचेच्या टेबलावर पडता पडता वाचला. राहिलं गॅरेज. तीन गाड्यांचं, बारा मीटर लांब, खाली खरखरीत लादी. हल्ली तिथे एकच गाडी असे. तीही फखरुन्निसाने बाहेर लावायला सांगितली.

दांडा बसवायला पुंडलिक आला. वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशीचा, एका मेंटेनन्स कंपनीत इलेक्ट्रिशियन. कुवेतमधल्याच खैतानला गावच्या पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचा. कमालची आणि त्याची दहा-बारा वर्षांपूर्वी विमानात शेजारी बसून ओळख झाली, ती टिकली होती. त्याने शुक्रवारच्या सुट्टीत भिंतीच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकून दिला.

डिसेंबर बरा गेला. कमाल पाइप धरून चार मीटर, मग सहा मीटर जाऊ लागला. जानेवारीत मात्र वारं फिरलं. पहाटे सात-आठ डिग्री, आणि गॅरेजचा पत्र्याचा शटर नेमका वायव्येच्या वाऱ्याला तोंड करून. आत पाऊल टाकलं की लादीचा गारवा चपलेतून वर चढायचा. कमालचा डावा गुडघा वाकेना. सहा मीटरांचे चार झाले, चाराचे दोन.

“उद्या बघू,” तो म्हणायचा.

“उद्या पण थंडीच हाय,” फखरुन्निसा म्हणायची. “आज गरम करायची सोय बघते.”

तिने पहिल्यांदा आणला दोन सळ्यांचा विजेचा हीटर, जो लाल होतो. बटण दाबल्यावर पाच मिनिटं छान वाटलं, मग दिवा गेला. गॅरेजात दिव्यांना, शटरच्या मोटरला आणि फ्रीझरला मिळून एकच लाइन होती. दिवा गेला तो तिला दिसला. फ्रीझर बंद पडला तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उम्म फैसलनी हौसेने भरून ठेवलेली अठरा पापलेटं वितळून मऊ पडली होती. फखरुन्निसाने ती सगळी त्याच दिवशी तळली, भातात घातली, शेजारच्या तीन घरांत पाठवली. उम्म फैसलनी जेवताना एकदा फ्रीझरच्या दिशेने बघून उसासा टाकला.

मग तिने एकच सळी चालू ठेवायची असं ठरवलं. ऊब कमी पडते म्हणून हीटर कमालच्या खुर्चीजवळ ओढला. विसावा घेताना पायाला शेक मिळेल हा विचार. गुरुवारी समिधाने त्याची विजार वर केली आणि दचकून हात मागे घेतला. नडगीवर रुपयाएवढा फोड आला होता.

“काका, दुखलं नाही?”

“कळलंच नाय,” कमाल म्हणाला.

“ताई, ह्या पायाजवळ लाल होणारी कुठलीही वस्तू आणायची नाही. त्यांना चटका कळत नाही. हवा गरम करा, पाय नाही.”

फखरुन्निसाने हीटर त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

पुढचा उपाय उम्म फैसलनी काढला. हिवाळ्यात त्या रोज सकाळी अंगणात दुव्वा घेऊन बसत. दुव्वा म्हणजे पितळी, पायांची कोळशाची शेगडी. तिच्यावर चहाची किटली ठेवायची आणि हात शेकायचे. मंगळवारी सकाळी वारा जास्तच होता. फखरुन्निसा कमालला धरून गॅरेजात नेताना त्यांनी पाहिलं.

“फखरी, हा ने. कोळशासारखी ऊब कशालाच नाही. माझे वडील समुद्रावरून आले की ह्याच्यासमोर बसायचे.”

फखरुन्निसाला त्यात वावगं वाटलं नाही. गावी शेगडी तिने जन्मभर पेटवली होती. पण ते घर कौलारू होतं, वारा कौलांतून आणि कुडातून सारखा खेळता. इथे वारा येऊ नये म्हणून तिने शटर पार खाली पाडला होता आणि फटीत जुनी चादरही कोंबली होती.

गॅरेज खरोखर उबदार झालं. कमाल त्या दिवशी पाइप धरून पाच मीटर गेला. परत फिरताना थांबला.

“डोकं जड झालंय.”

“वळताना फिरलं असेल. बसा जरा.”

तो खुर्चीत बसला. फखरुन्निसालाही कपाळ ठणकल्यासारखं वाटत होतं, पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं, तिने ते त्याच्यावर ढकललं. थोड्या वेळाने तिने ऊठ म्हटलं तर त्याने मान वर केली नाही. ओठ हलले, शब्द आला नाही. दुसरा झटका, एवढंच तिच्या मनात आलं. ती धावायला गेली आणि तोल जाऊन खालीच बसली. शटरचं बटण आठ-दहा हातांवर होतं. ती लादीवरून सरपटत गेली, पाइपला धरून अर्धी उठली आणि तळहाताने बटणावर जोर दिला. शटर कुरकुरत वर जाऊ लागला. गार वारा तोंडावर आपटला आणि तिला उलटी झाली. अंगणातून उम्म फैसलची किंकाळी तिने ऐकली.

हॉस्पिटलात दोघांच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत कमाल नीट बोलू लागला. झटका नव्हता. डॉक्टर तरुण होता, हिंदी बोलणारा. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, बंद जागेत तो माणसाला गप्प झोपवतो, दर हिवाळ्यात अशा केसेस येतात, असं त्याने सांगितलं. आणखी दहा मिनिटं झाली असती तर बोलायला कुणी उरलं नसतं.

“तो फिर डॉक्टरसाब,” फखरुन्निसाने मास्क बाजूला करून विचारलं, “गॅरेज किससे गरम करने का?”

डॉक्टरने मास्क पुन्हा तिच्या तोंडावर बसवला.

दुसऱ्या दिवशी उम्म फैसलचा मुलगा फैसल आला. तो पलीकडच्या भागात स्वतःच्या घरी राहायचा आणि एरवी शुक्रवारीच जेवायला यायचा. स्वभावाने वाईट नव्हता. कमालने त्याला शाळेत सोडलं होतं, गाडी शिकवली होती. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस लवकर निकाल लावतो.

“कमालला गावी ने,” तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. “तिकीट मी काढतो, दोघांचं. आई काल रात्रभर रडली. ह्या घरात त्याला काही झालं असतं तर?”

फखरुन्निसा कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. तिची अरबी स्वयंपाकघरातली, मोडकीतोडकी, पण जे म्हणायचं ते तिला म्हणता येई.

“बाबा फैसल, गावी नेलं तर तो झोपणार. तिथे त्याला चालवणारं कुणी नाय. इथे समिधा हाय, गॅरेज हाय, मी हाय. मला फेब्रुवारी संपेपर्यंत द्या.”

“आणि थंडी?”

“थंडीचं मी बघते. आग नाय, धूर नाय, कोळसा नाय. तुम्ही येऊन बघा. पसंत नाय पडलं तर मी स्वतः बॅग भरते.”

फैसलने आईकडे पाहिलं. उम्म फैसल खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. एका दिवसात म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या.

“दे तिला,” त्या म्हणाल्या. “चूक माझी होती, शिक्षा तिला नको.”

शुक्रवारी फखरुन्निसाने पुंडलिकला बोलावून घेतलं. तो आला, गॅरेजात चारी बाजूंनी फिरला, शटरच्या फटीजवळ हात धरून वारा पाहिला, बोर्डाचं झाकण उघडून आत डोकावला. ती त्याच्या मागे मागे.

“गॅसचा हीटर आणू काय? चाकांवाला, सिलिंडरचा? दुकानात बघितला मी.”

“गॅस पण बंद जागेत हवाच खाता, भाभी. कोळशाचो भाऊच तो. त्यात हय गाडी रवायची, पेट्रोलचो वास अजून आसा. पेटती वस्तू हय आणूची नाय म्हणजे नाय.”

“मग गरम वारा सोडणारा एसी?”

“तो चांगलो. पण भिंत फोडूक व्हयी, भायर मशीन बसवूक व्हया. जुन्या घराची भिंत, ते व्हय म्हणतले?”

ते हो म्हणणार नव्हते, हे तिला माहीत होतं. आधीच जेवढं मागितलं होतं तेवढं खूप होतं.

“तेलाचो हीटर,” पुंडलिक म्हणाला. “आत तेल असता, वीज ता तापवता. लाल होना नाय, धूर सोडना नाय. हळू तापता, पण तापलो की ऊब धरून रवता. वायर मी मेन बोर्डावरसून वेगळी ओढतंय, जाड केबल, वेगळो ब्रेकर. तुमच्या फ्रीझराक धक्को लागाचो नाय.”

“मग तोच घेऊ.”

“थांबा. एवढ्या मोठ्या गॅरेजाक दोन काय, चार हीटर लावलात तरी पुरूचे नाय. वर छप्पर बघा केदा उंच. सगळी ऊब वर जातली आणि शटराच्या फटीतसून रस्त्यार. कमालभाई खाली थंडच रवतलो.”

फखरुन्निसा वर बघत उभी राहिली. छप्पर चांगलं दीड माणूस उंच होतं. तीन गाड्या मावतील एवढ्या जागेतली हवा तिने तापवायची होती, आणि चालायचं होतं एका माणसाने, भिंतीच्या कडेकडेने.

“पुंडलिकदादा,” ती म्हणाली, “मला अख्खं गॅरेज कशाला पायजे? मला पाइपाच्या बाजूची पट्टी पायजे. ती तेवढीच झाकली तर?”

“झाकशात कशान?”

ते तिला लगेच सुचलं नाही. प्लास्टिक घामेजतं. प्लायवूडची भिंत म्हणजे पुन्हा परवानगी. विचार करत ती दुपारचा भात शिजवायला गेली आणि भाताची वाफ दडपायला झाकणाला कापड गुंडाळताना तिला वाळवंटातला मुक्काम आठवला. दर हिवाळ्यात फैसलचं कुटुंब आठवडाभर वाळवंटात तंबू ठोकायचं, आणि ती स्वयंपाकाला सोबत असायची. बाहेर वारा कान कापायचा आणि आत, बुटक्या छताच्या तंबूत, दहा माणसांच्या नुसत्या श्वासाने ऊब यायची. तंबूचं कापड जाड, सुती, आतून लाल-काळ्या नक्षीचं अस्तर. नवीन तंबू घेतल्यापासून जुना वरच्या कोठारात पडून होता.

तिने गॅस बारीक केला आणि तशीच उम्म फैसलच्या खोलीत गेली.

“मामा, जुना तंबू मला द्याल?”

“तंबू? कुठे जाणार आहेस?”

“कुठेच नाय. गॅरेजात.”

उम्म फैसलना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी स्वतः किल्ल्यांचा जुडगा उचलला.

तंबू धुळीने भरला होता आणि एका बाजूला उंदरांनी कुरतडला होता. फखरुन्निसाने तो अंगणात पसरून झोडपला, कुरतडलेला भाग कापून टाकला. मग मोजमाप घेतलं. लांबी दहा मीटर, रुंदी दीड, उंची कमालच्या डोक्यावर एक वीत. चार दिवस दुपारची भांडी आटोपली की ती दाभण आणि दोरा घेऊन बसे. कापड इतकं जाड होतं की दाभण दाबून दाबून तिच्या अंगठ्याला घट्टे पडले. तिसऱ्या दिवशी उम्म फैसल चष्मा लावून समोर येऊन बसल्या आणि दुसरं टोक धरून शिवू लागल्या. त्यांचे टाके फखरुन्निसाच्या टाक्यांपेक्षा सरळ येत होते.

पुढच्या शुक्रवारी पुंडलिकने भिंतीपासून दीड मीटरवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलची तार ताणली आणि दोघांनी मिळून कापड चढवलं. भिंतीच्या बाजूला पाइप मोकळा, दुसऱ्या बाजूला तंबूची भिंत, डोक्यावर तंबूचं छत, आणि दोन्ही टोकांना खालून ऊब आत शिरेल असे अर्धे पडदे. शटरच्या खालच्या कडेला त्याने रबराची पट्टी ठोकली. लादीवर जुन्या सतरंज्या नकोत असं समिधाने बजावलं होतं, पाय अडकतो. म्हणून रबरी चटई अंथरून तिच्या कडा चिकटवल्या. दोन तेलाचे हीटर दोन टोकांना, तंबूच्या बाहेर, तोंडाशी.

“कापडापासून एक मीटर,” पुंडलिकने लादीवर खडूने रेघ ओढली. “ह्या रेघेच्या आत हीटर सरकलो तर मी केबल कापून नेतंय. आणि कपडे वाळत घालूचे नाय त्याच्यार.”

“नाय घालत.”

“सगळेच असा म्हणतत.”

“मी सगळ्यांतली हाय काय?”

पुंडलिकने तिच्याकडे बघितलं आणि हसला. “नाय. ता खरा.”

शनिवारी पहाटे पाचला तिने हीटर चालू केले. पावणेसातला आत टांगलेल्या थर्मामीटरवर एकवीस दिसले. तंबूबाहेर, त्याच गॅरेजात, नऊ. आनंदाने ती कमालला आणायला गेली. कमाल दारापर्यंत आला, लाल-काळ्या कापडाचा बोगदा बघितला आणि त्याने दाराची चौकट धरली.

“मी आत नाय जायचा.”

“का?”

“बंद हाय.”

“विजेचा हीटर हाय, अवो. आग नाय.”

“त्या दिवशी पण तू म्हणालीस, बसा जरा.”

हे फखरुन्निसाला लागलं. तिने ते खोटं म्हटलं नाही. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि एकटी आत गेली. मधोमध चटईवर बसली. तो बाहेरून बघत होता, ती आतून. पाव तास झाला, अर्धा तास झाला. स्वयंपाकघरात नाश्त्याची वेळ टळून चालली होती. ती उठून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली.

“माझं डोकं दुखत नाय. बघा माझ्याकडे. उद्या पण बसते. परवा पण बसते. तुम्हाला पटेल तेव्हा या.”

त्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फखरुन्निसा रोज पहाटे हीटर लावत होती, आत जाऊन बसत होती, मटार सोलत होती, उठून कामाला जात होती. सोमवारी समिधाने सगळं ऐकून घेतलं. तिने पुंडलिकला फोन करून तो विषारी वायू कळवणारं छोटं यंत्र आणायला लावलं.

“विजेच्या हीटराक त्याची गरज नाय,” पुंडलिक आल्यावर म्हणाला.

“हीटरला नाही,” समिधा म्हणाली. “काकांना आहे.”

ते यंत्र कमालच्या डोळ्यांसमोर तंबूच्या तोंडाशी टांगलं. पुंडलिकने अंगणात दुव्व्यावर ते धरून दाखवलं. ते एवढं किंचाळलं की उम्म फैसलनी कानांवर हात ठेवले. मग ते पुन्हा तंबूत नेलं, तर एकदम गप्प. कमालने ते यंत्र मागून घेतलं आणि कानाशी धरलं.

“दोन्ही टोकांचे पडदे वर बांधा,” तो शेवटी म्हणाला. “मला पलीकडचा दिवा दिसला पायजे.”

पडदे बांधले. ऊब तीन डिग्रींनी कमी झाली. तेवढी चालण्यासारखी होती. त्याने उजव्या हाताने पाइप धरला आणि पहिलं पाऊल आत टाकलं. डावा गुडघा, तेलाच्या हीटरच्या त्या मंद उबेत, थोडा वाकला. थोडाच, पण फखरुन्निसाला आणि समिधाला दोघींना दिसला.

त्यानंतर रोजचं काम सुरू झालं आणि ते कंटाळवाणं होतं. पहाटे पाचला हीटर, पावणेसातला पाच फेऱ्या, दुपारी तीनला पुन्हा हीटर, साडेचारला पाच फेऱ्या. कमाल चिडायचा. एकदा त्याने तिच्या अंगावर चहाचा पेला फेकला. तिने पेल्याचे तुकडे गोळा केले आणि म्हणाली, “दोन फेऱ्या राहिल्यात.” एकदा तो खरोखर पडला आणि कोपराला खरचटलं. एकदा सलग तीन दिवस काहीच पुढे सरकलं नाही आणि रात्री तिला वाटलं, फैसलचं ऐकलं असतं तर निदान दोघं गावच्या माणसांत असतो. सकाळी पाचला तिने तरीही हीटर लावला. मग न थांबता दहा मीटर दोन वेळा. चार वेळा. मग पाइप सोडून चौपायी काठीवर, आधी दोन पावलं, मग दहा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी फैसल आला. तो आधी गॅरेजात शिरून सगळं स्वतः तपासत बसला. केबल पाहिली, ब्रेकर पाहिला, खडूची रेघ पाहिली, तंबूच्या कापडावरून हात फिरवला.

“हा आमचा तंबू?”

“जुना,” फखरुन्निसा म्हणाली. “मामांनी दिला. अर्धा त्यांनीच शिवला.”

उम्म फैसल दारात उभ्या होत्या. त्यांनी हनुवटी वर केली.

कमाल काठी घेऊन या टोकाला उभा राहिला. पाइपाला हात लावला नाही. काठी पुढे, डावा पाय पुढे, उजवा पाय पुढे. डावा पाय अजून थोडा बाहेरून फिरून येई आणि डावा हात छातीशी मुडपलेला होता. दहा मीटर जायला त्याला किती वेळ लागला हे कुणी मोजलं नाही. पलीकडच्या टोकाला तो थांबला, सावकाश वळला आणि परत आला. फैसलच्या पुढ्यात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“गाडी आता जमायची नाय, बाबा,” कमाल म्हणाला. एवढं त्याला कळलं होतं, आणि ते तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता. “पण फाटक उघडीन, झाडांना पाणी घालीन. बसून नाय खायचा.”

फैसलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तिकिटाचं राहू दे,” तो म्हणाला. “समिधाला सांग, येत राहा.”

फखरुन्निसाने मान हलवली. स्वयंपाकघरात मच्छीचं वाटण अर्धं राहिलं होतं, ती तिकडे वळली. दारातच पुंडलिक भेटला. तो सुट्टीचा म्हणून सहज आला होता, हातात पिशवी. तिने त्याला तिथेच अडवलं.

“पुंडलिकदादा, दोन महिन्यांनी हे गॅरेज भट्टी होईल.”

“होतलाच.”

“मग मला सांगा, दहा मीटर थंड करायला काय लागतं?”

पुंडलिकने पिशवी खाली ठेवली आणि छताकडे बघायला सुरुवात केली.